बसणारा जावई

आमच्या चोपड्याकडे मुलगी द्यायची म्हणजे आधी विहीर बघायची रीत. खडा टाकून पाणी किती खोल ते ऐकायचं, बैलांचे दात बघायचे, केळीच्या बागेतून एक फेरी मारायची. नवरामुलगा दिसला तर दिसला. पण स्वराज्य आल्यानंतरच्या त्या वर्षांत मुंबईच्या नोकरीवाल्या जावयाचं खूळ निघालं, आणि माझे वडील, आमचे आबा, पंचाईतीत पडले. नोकरीत खडा टाकायचा कुठे?

मला दोन स्थळं आली, दोन्ही मुंबईची. एक कारकून, दुसरा एका मोठ्या कचेरीत लिफ्ट चालवणारा. लिफ्ट म्हणजे काय, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही नाही. "नोकरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय पोर देणार नाही," म्हणत आबा मामाला घेऊन गाडीत बसले. मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी कारकून म्हटलं असतं, कारण त्याला चष्मा होता. माझी तरी अक्कल कुठे मोठी!

परत आल्यावर ओट्यावर बैठक भरली. आबांनी आधी कारकुनाचा निकाल लावला. त्याला टेबल-खुर्ची होती, डोक्यावर पंखाही होता. पण साहेबानं घंटी वाजवली की हा उठून पळायचा. आबा बाकावर टेकले, तेवढ्यात तीन-चारदा पळाला. असला पळपुटा जावई नको! मग आबांनी आवाज चढवला. लोखंडी जाळीची एक खोली असते, ती माणसांना घेऊन वर जाते. मोठमोठे साहेब तिच्यापुढे रांग लावून ताटकळतात. आपला मुलगा दार उघडेल तेव्हाच आत. आणि आत गेल्यावर काय?

"साहेब उभा शे, अन आपला पोऱ्या स्टुलवर बठेल शे!"

बठ्ठं गाव, म्हणजे अख्खं गाव, गार पडलं. कारकुनाला नकार गेला आणि माझं लग्न लिफ्टवाल्याशी लागलं.

मुंबईत एकदा हौसेनं मी यांचं काम बघायला गेले. जाळीचं दार सरकलं, तर हे आत उभे. स्टूल दिसेना. संध्याकाळी घरी आल्या आल्या मी विचारलं, "अहो, तुमचं स्टूल कुठंय?"

"आबा आले त्या आठवड्यात पाय मुरगळला होता, म्हणून दिलं होतं. एरवी बसायची परवानगी नाही."

"मग आबांना सांगितलं का नाहीत?"

"त्यांना इतका आनंद झाला होता, मोडवेना."

अस्सा संताप आला म्हणता! पण रोज संध्याकाळी यांचे पाय टम्म सुजलेले असत. मी तेल लावून चोळायला बसे, आणि चोळता चोळता संताप कुठे जाई कोण जाणे. माणूस फार भला. कारकुनाचा चष्मा मी पार विसरले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. मी गेले, तर धाकटी बहीण झोक्याजवळ माझा हात धरून रडायलाच लागली. धुळ्याच्या एका मास्तराचं स्थळ आलं होतं. तो तिला बघून गेला होता, तिला तो फार आवडला होता, आणि आबा नकार कळवायला निघाले होते.

"अक्का, माले तोच पाहिजे. तू सांग ना आबाले."

मी ओट्यावर गेले. मामा आणि गावातली चार माणसं बसली होती. मला बघून आबा खुलले. "ये माय, सांग यांना. आपला जावाई बठस ना? साहेब उभा ऱ्हास ना?"

"साहेब उभेच असतात, आबा," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

"ऐका!" आबांनी मांडीवर थाप मारली. "अन तो मास्तर? मी धुळ्याला जाऊन शाळेच्या खिडकीतून बघून आलो. दिवसभर फळ्यापुढे उभा, आणि बठ्ठी पोरं बसलेली! ज्याच्यापुढे शेंबडी पोरं बसतात, त्याला मी पोर देऊ?"

माना डोलल्या. खरं बोलावं तर गावात यांची शोभा होणार, आणि गप्प बसावं तर बहिणीचा जन्म वाया जाणार. दाराआड तिचं मुसमुसणं मला ऐकू येत होतं.

"आबा, माझाही उभाच असतो," मी म्हणून टाकलं. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत. ते स्टूल पाय दुखावला होता तेवढ्यापुरतं होतं. संध्याकाळी मी त्यांचे सुजलेले पाय चोळते. आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. आबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. माणसं एकेक करून उठली. शेवटी आबा मामाला म्हणाले, "धुळ्याला होकार कळव."

मी आत जायला वळले, तर त्यांनी हाक मारली. आवाज एकदम खाली आला होता.

"त्याना पाय जास्त सुजतस का वं, माय?"