घोडीच्या पायाखालचं लाकूड

घोडीचा पाय टेम्पोच्या पत्र्यातून खाली गेला तेव्हा मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. अंबरनाथची एक वरात उरकून आम्ही बदलापूरला, मांजर्लीतल्या घरी परत येत होतो. दुपारचे चार वाजले असतील. मागून धाडकन आवाज आला आणि गाडीला हिसका बसला. ड्रायव्हर म्हणाला, "खड्डा होता." मी म्हटलं, खड्डा नव्हता, थांबव. त्यानं गाडी थांबवेपर्यंत तिचा मागचा पाय डांबरावर घासत होता.

पुढचं सगळं मी लिहिणार नाही. डॉक्टर आले, त्यांनी पाय पाहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, आता इंजेक्शनच द्यावं लागेल. अकरा वर्षं ती आमच्या दारात होती. फटाके, बँडबाजा, दारू पिऊन मानेला लोंबकळणारे नवरदेवाचे मित्र, सगळं तिनं सोसलं होतं. एकदाही कुणाला पाडलं नव्हतं.

ड्रायव्हर मला म्हणाला, "पत्रा आधीपासूनच फाटका होता मॅडम. चढवताना तुम्हाला दिसला नाही का?"

दिसला होता. भोकावर दुसऱ्या पत्र्याचा तुकडा टाकलेला होता. सकाळी निघताना वरातीला उशीर होत होता, म्हणून मीच त्याच्यावर गवत पसरलं आणि तिला आत घेतलं. ड्रायव्हरचा राग आला, पण त्याहून जास्त आला तो स्वतःचा. तो गिळता येईना, आणि थुंकायला जागाही सापडेना.

आम्ही आगरी. नदीकाठची शेती होती, ती गेली, तिथं इमारती उभ्या राहिल्या. बैल विकले तेव्हा बाबा म्हणाले, जनावराशिवाय दार कसलं, आणि त्यांनी लग्नाची घोडी आणली. पुढे त्यांचे गुडघे गेले. घोडी मी सांभाळू लागले, बुकिंग आणि बाकीचं धाकटा भाऊ बघू लागला. आमच्या धंद्यात घोडीला मालाच्या टेम्पोत उभं करून नेतात. कोंबड्या नेणारा, विटा नेणारा, फर्निचर नेणारा, जो स्वस्तात मिळेल तो. बाबांनी तेच केलं, मीही तेच केलं.

चार महिन्यांनी कल्याणच्या एका माणसानं धंदा बंद केला आणि त्याची पांढरी घोडी आम्ही घेतली. तरणी, थोडी बिचकणारी. कल्याणहून तिला चालवत आणलं, कारण टेम्पो बोलवायचं नाव घरात कुणी काढलं नाही. पण अंबरनाथ, उल्हासनगर, नेरळ इथल्या वराती काही चालत होत नाहीत. पहिलं लांबचं बुकिंग आलं तेव्हा भाऊ म्हणाला, "ताय, खाली जाड प्लाय टाकू. काय नाय होत."

मी म्हटलं, "घोडीसाठी बनवलेली गाडी घ्यायची. नाहीतर बुकिंग परत कर."

"ती रेसवाल्यांची असते. आपल्याला परवडते का?"

बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "घोरी काय गोनी हाय का? हिला बग तरी." तेवढंच बोलले. मग मी सांगितलं की बग्गी विकू. लग्नाची ती लाइटवाली बग्गी भावानं हौसेनं घेतली होती. तीन सीझन ती ताडपत्रीखाली पडून होती. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, पण गिऱ्हाईक त्यानंच आणलं.

आधी आम्ही नव्या छोट्या टेम्पोच्या दुकानात गेलो, टेम्पो घेऊन त्यावर घोडीसाठी बॉडी बांधायची म्हणून. तिथला सेल्समन मला बसायला सांगून भावाशी बोलत राहिला. गाडी साडेसातशे किलो उचलते, घोडी आरामात जाईल, म्हणाला. मी विचारलं, "वरची बॉडी, रॅम्प, छप्पर, यांचं वजन त्या साडेसातशेतच ना?" तो भावाकडे बघून हसला. "एवढं कोण बघतं?" मी उठले आणि बाहेर आले. दुसऱ्या दिवशी घोडीला अंबरनाथच्या कारखान्यांमधल्या वजनकाट्यावर चालवत नेलं. काट्यावरचे कामगार चहा सोडून बघायला आले. ती लोखंडी फळीवर पाय ठेवायलाच तयार नव्हती, दहा मिनिटं लागली. तीनशे नव्वद किलो. बॉडी त्याच्या जवळपास जाणार, वर मी, खोगीर, झूल, पाण्याचा ड्रम. ती गाडी आम्हाला पुरणारच नव्हती. ब्रेक दाबल्यावर एवढं वजन कुठं जातं, हे मला आता कुणी शिकवायची गरज नव्हती.

मग भावाला मोबाइलवर जाहिरात सापडली. जुना हॉर्सबॉक्स, एका घोड्याचा, गाडीच्या मागे जोडून ओढायचा. ओढायला भाड्याची जीप मिळाली असती. एका रायडिंग क्लबनं काढून टाकलेला. अंबरनाथच्या पुढे हायवेला जुन्या गाड्यांचं आवार होतं, तिथं उभा होता. आम्ही पोहोचलो तेव्हा मालक ऑफिसच्या काचेमागे बसला होता. गोड बोलणारा माणूस. "या ताई, घोड्याची सेवा म्हणजे पुण्याचं काम."

बॉक्स दिसायला देखणा. नवा निळा रंग, खाली काळी रबरी मॅट, छातीशी आडवा दांडा, दोन्ही बाजूंना खिडक्या. मी आत गेले. उंची बरोबर होती. हवा खेळत होती. रॅम्प फार उभा नव्हता. मनातल्या मनात घोडीला तिथं उभंही करून पाहिलं. मग दाराच्या बिजागरीकडे लक्ष गेलं. बिजागरीच्या फटीत चॉकलेटी, मऊ गाळ सुकलेला होता. मांजर्लीच्या माणसाला तो गाळ ओळखायला वेळ लागत नाही. पूर ओसरल्यावर आमच्या कपाटांच्या बिजागऱ्यांत, स्विचबोर्डांत, देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात तोच असतो.

"हा पाण्यात होता का?"

"छे हो ताई. धुताना लागलं असेल."

"मॅट उचला."

"चिकटवलेली आहे. उचलली तर फाटेल."

मी पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला. जुनी घोडी गेली त्या दिवसापासून तो माझ्याकडे कायम असतो. कोपऱ्यात घालून मॅट वर केली. कडेला चार बोटं चिकटवलेली होती, बाकी मोकळी. खाली लाकडी फळ्या, वरून काळा रंग मारलेल्या. टोक टेकवलं आणि हलकं दाबलं. जोर लावलाच नाही. मुठीपर्यंत आत गेलं. बाहेर काढलं तर पात्याला ओला भुसा.

भाऊ दारात उभा होता, त्याला म्हटलं, हे बघ. त्यानं पाहिलं आणि मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "ताय, मी काल टोकन दिलंय. दुसरं गिऱ्हाईक येत होतं म्हणून."

मला न विचारता, फोटो बघून. त्याला बोलले असते तर सगळा राग त्याच्यावरच संपला असता, आणि तो खरा ज्याच्यासाठी होता तो माणूस काचेमागे एसीत बसला होता.

ऑफिसात गेले. स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवला, भुशासकट. टोकन परत मागितलं.

"टोकन परत होत नाही ताई, व्यवहाराचा नियम आहे. आणि एवढं काय त्यात? माणसं थोडीच बसणार आहेत?"

हे वाक्य मी त्याआधीही ऐकलं होतं, वेगवेगळ्या तोंडून. मी बाहेर आले आणि त्या निळ्या बॉक्सच्या रॅम्पवर जाऊन बसले. भाऊ म्हणाला, चल, जाऊ दे. मी म्हटलं, तू जा. तो गेला नाही. लांब एका ट्रकच्या सावलीत उभा राहिला.

दिवस मार्च महिन्याचे. पत्रा तापला होता. आवारात जे कुणी गाडी बघायला येई त्याला मी सांगत होते, "खालचं लाकूड बघून घ्या. हे बघा, कुजलंय. वर रंग मारलाय." कुणी हसलं, कुणी वाकून बघितलं. ट्रॅक्टरची ट्रॉली घ्यायला आलेले नवराबायको होते, ती बाई नवऱ्याला म्हणाली, "चला, दुसरीकडे बघू." मालक दोनदा बाहेर आला. पहिल्यांदा समजावायला, दुसऱ्यांदा पोलिसांना बोलावतो म्हणून सांगायला. मी म्हटलं, "बोलवा. त्यांनाही दाखवते." पोलीस काही आले नाहीत. अडीचच्या सुमारास त्याच्या कारकुनानं पाकीट आणून भावाच्या हातात दिलं.

निघताना मी मालकाला विचारलं, "या फळ्या काढणार ना?"

"काढणार, काढणार."

मी विश्वास ठेवला. ठेवायला नको होता.

शेवटी गाडी उल्हासनगरात झाली. तिथं एक म्हातारे सिंधी गृहस्थ टेम्पोच्या बॉड्या बांधतात. गल्लीतला अंधारा गाळा, दाराशीच वेल्डिंग. मी त्यांना घोडीचं सगळं सांगितलं, पत्र्याचं आणि गवताचंही. त्यांनी वेल्डिंग बंद केलं. मग म्हणाले, "बेटा, घोडा मुझे नहीं मालूम. लोहा मालूम है. घोडा तू बता, लोहा मैं बताऊंगा." गाड्यांच्या धंद्यात माझं म्हणणं ऐकून घेऊन बोललेला तो पहिला माणूस.

सव्वा टन उचलणारा जुना पिकअप त्यांनीच बघून दिला. खाली वाकून त्यांनी चासीवर हातोडी मारत आवाज ऐकला, दोन गाड्या नापास केल्या, तिसरी घेतली. हौद्यात आडवे लोखंडी चॅनल जवळजवळ बसवले, वर जाड फळ्या टाकल्या. त्या चिकटवल्या नाहीत, बोल्टनं कसल्या, म्हणजे कधीही काढून बघता येतील. मॅट सुटी. बाजूंना आतून रबर. बांधायचा दोर कडीला थेट न बांधता मध्ये सुतळीचा फेरा, म्हणजे ती पडली तर सुतळी तुटेल, मान अडकणार नाही. हे सुतळीचं बाबांनी सांगितलं. म्हातारबुवांनी ते वहीत लिहून घेतलं. गाडीचं आरटीओत पासिंग करून घेतलं तेव्हा सहा आठवडे होऊन गेले होते आणि तीन बुकिंगं हातची गेली होती. भाऊ कुरकुरला नाही.

त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. मी स्कूटरनं अंबरनाथला चालले होते. नाक्यावर सिग्नलला माझ्या पुढे एक जीप, आणि जीपच्या मागे तो निळा बॉक्स. खिडकीतून एका तांबड्या घोड्याचं तोंड बाहेर आलं होतं.

मी जीपच्या पुढे जाऊन स्कूटर आडवी घातली. मागचे हॉर्न वाजवायला लागले. जीपमधला माणूस उतरला, पन्नाशीचा, डोंगरावर पर्यटकांना घोड्यावर फिरवणारा. "काय झाला? धडक देनार का?" मी त्याला म्हटलं, बाजूला घ्या, घोडा उतरवा, खालचं लाकूड कुजलंय. तो माझ्यावर ओरडला. वेडी म्हणाला. मी जाग्यावरून हलले नाही. शेवटी लोक जमले म्हणून त्यानं गाडी कडेला घेतली, घोडा उतरवला, मॅट वर केली. फळ्यांवर नव्या प्लायचा एक तुकडा ठोकलेला होता, पातळ, मधोमध आताच वाकलेला. त्यानं तो हातानं उचकटला आणि खाली बघितलं. ओरडणं थांबलं.

"मना बोल्ला नवा फ्लोर टाकलाय," तो म्हणाला. मला म्हणाला की घोड्याला, कळलं नाही.

त्याच्या घोड्याला आम्ही मांजर्लीपर्यंत चालवत आणलं. बाबांनी पाणी दाखवलं, तबेल्यात जागा करून दिली. तो माणूस दुसऱ्या दिवशी आमच्या पिकअपमधून घोडा घेऊन घरी गेला. मला धन्यवाद वगैरे म्हणाला नाही. त्याला माझाही रागच आला होता. तो राग मला समजत होता. त्याचा रिकामा बॉक्स जीपनं आणला तो आमच्या दारात राहिला, उल्हासनगरच्या गाळ्यात नव्या फळ्या बसवायला जागा होईपर्यंत.

त्या रविवारी मी पहार घेतली आणि फळ्या उपटल्या. पहार लागलीच नाही फारशी. हातानं येत होत्या, चहात बुडवलेल्या पावासारख्या. भाऊ न सांगता मदतीला आला. सगळ्या फळ्या पिकअपमध्ये भरल्या आणि त्या आवारात गेलो. गेट उघडं होतं. ऑफिसच्या काचेसमोर, पायरीवर, आम्ही त्या एकेक करून टाकल्या. शेवटचा तो पातळ प्लाय वर ठेवला.

मालक बाहेर आला. "ताई, हे काय?"

"तुमचं लाकूड. यावर तुम्ही घोडा उभा केला होता."

त्यानं इकडेतिकडे बघितलं. आवारात दोन गिऱ्हाइकं होती, ती थांबून बघत होती. मग त्यानं झाडूवाल्याला हाक मारली. भाऊ म्हणाला, "ताय, चल." मी आणखी थोडा वेळ तिथंच उभी राहिले, झाडूवाला आला तरी. मग निघालो. चार वाजता उल्हासनगरात वरात होती आणि घोडीची अंघोळ व्हायची होती.