चुली मोजणारे हत्तुरे मास्तर

सोलापुरात तेव्हा कॉलेज नव्हतं, पण प्रोफेसर होता. रेवणसिद्ध हत्तुरे सात रस्त्याजवळच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवत, एम. ए. मात्र मुंबईला जाऊन समाजशास्त्रात केलेलं. हे शास्त्र म्हणजे काय, हे शहरात कोणालाच धड ठाऊक नव्हतं. त्यामुळे मास्तर त्यात पंडित असणार हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं आणि त्यांना प्रोफेसर म्हणायला सुरुवात केली. मास्तर आधी लाजले, मग त्यांना सवय झाली, आणि खरं सांगायचं तर पुढे ते आवडायलाही लागलं.

रविवारी ते मॅट्रिकची पोरं घेऊन विणकरांच्या पेठेत फिरत. कोण किती तास मागावर बसतं, आजारी पडलं तर कोण भात आणून देतं, असलं काहीबाही विचारत. एका पद्मशाली आजीनं तेलुगूत चौकशी केली, की एवढ्या पोरांना शाळेतून एकदम हाकललं कशानं? मास्तर पोट धरून हसले आणि तिच्याच ओट्यावर बसून त्यांनी त्या दिवशीचा तास घेतला.

पोरांना त्यांचं एक वाक्य पाठ होतं. "दारं मोजू नका, चुली मोजा. दार खोटं बोलतं, चूल बोलत नाही." एका दारामागे दोन चुली असल्या तर घर फुटलं, दारं चार आणि चूल एक, तर घर अजून एक आहे. मुंबईची विद्वान मंडळी म्हणत होती की एकत्र कुटुंब आता मोडीत निघालं. मास्तरांना ते मुळीच पटत नव्हतं. सुट्टी लागली की ते दक्षिणेकडची खेडी पालथी घालत, घराघरांत शिरून चुली बघत. सुरुवात अर्थात मंद्रूपपासून, स्वतःच्या गावापासून. मंद्रुपात तर घरटी एकच चूल निघाली! त्या पायावर त्यांनी मोठा प्रबंध रचला. मुंबईच्या त्यांच्या गुरूंनी कळवलं होतं, दिवाळीपर्यंत प्रबंध दाखल करा, विद्यापीठात जागा होते आहे. म्हणजे हत्तुरे मास्तर खरोखरचे प्रोफेसर होणार होते.

चुलीचं हे वेड नुसत्या विद्येतून आलेलं नव्हतं. वडील गुरुसिद्धप्पा वारले तेव्हा तिघे भाऊ आईसमोर बसले होते. मोठा सिद्रामप्पा आणि धाकटा संगप्पा शेत बघणार, मधला रेवणसिद्ध शिकणार, असं ठरलं. तेव्हा विशीतला रेवणसिद्ध तावातावानं म्हणाला होता, "या घरात दुसरी चूल पेटली, तर मी इथलं पाणी पिणार नाही." बोलून तो मुंबईला निघून गेला. बोलणाऱ्याचं काय जातं? पाळणारे मागे राहिले.

चौतीस साली दसऱ्यानंतर मास्तर कर्नाटकाच्या बाजूच्या एका खेड्याला बैलगाडीनं निघाले. मंद्रूपच्या अलीकडे गाडीचा आस मोडला. दिवेलागणीची वेळ झालेली. घर जवळ, म्हणून चालत निघाले. एरवी ते यायच्या आधी निरोप जायचा. बायको शांतव्वा बाजारकरी माणसाकडून तो न चुकता धाडायची. आज निरोप नव्हता.

घर दिसलं आणि मास्तर थबकले. धूर दोन ठिकाणांहून निघत होता. त्यांना वाटलं, गोठ्याला आग लागली. धावत आत शिरले. गोठ्याला लागून असलेल्या खोलीत थोरली वहिनी मल्लव्वा भाकरी थापत बसली होती. स्वयंपाकघरात संगप्पाची बायको वेगळी भाकरी थापत होती. मल्लव्वानं दिराला पाहिलं आणि पिठाच्या हातांनीच चूल झाकायला शेजारचं शेंगांचं पोतं ओढायला लागली.

त्या पोत्याला मास्तर चांगले ओळखत होते. दर सुट्टीत ते त्या खोलीत, आता चूल दिसत होती नेमकं तिथंच, फळीवर ठेवलेलं असायचं आणि त्यावर बसून मास्तर लिहायचे. एकदा ते खालून उबदार लागलं होतं. पोतं उन्हातून आणलं असेल, असं समजून त्यांनी पुढे लिहिलं होतं: एकच चूल.

"वैनी, पोतं जळंल," मास्तर म्हणाले.

सिद्रामप्पा खाली मान घालून आला. "रेवणा, शेत आमी अजून एकत्रच कसतो. बायकांचं पटंना, म्हणून..."

"बायकांवर ढकलू नका," मल्लव्वा उसळली. "आमटीच्या तिखटावरनं तुमचं भावाभावांचंच बिनसलं की!"

दोन्ही चुलींच्या मधल्या सोप्यात आई, चंद्रव्वा, बसली होती. पंधरा दिवस एकीकडे, पंधरा दिवस दुसरीकडे, अशी तिच्या जेवणाची पाळी लागलेली होती. नऊ वर्षं.

"अव्वा, मला कुणी सांगितलं का नाही?"

"कसं सांगावं? तूच म्हणला होतास की, पाणी पिणार न्हाय म्हणून."

"आणि गावात? बाकीच्या घरांत?"

चंद्रव्वा पदराशी चाळा करत राहिली. "म्या दारोदार फिरले. म्हटलं, माझा लेक चुली मोजाया येतुया, कुणी दोन दाखवू नका, त्याच्या मनाला लई लागतं. गावानं माझा शब्द ठेवला बग."

मास्तरांना राग यायला हवा होता. तो आला नाही. पोराच्या हट्टापायी एक म्हातारी गावभर पदर पसरून फिरली, आणि पोरगा त्याला पुरावा समजून बसला, याची त्यांना भयंकर लाज वाटली. ते आईजवळ जमिनीवर बसले.

"ह्ये मुंबईला लिवू नगंस," आई म्हणाली. "हत्तुऱ्यांच्या घरात दोन चुली, म्हणून लोक हसतील. आन् खोटं म्हणशील, तर समदं खोटं न्हाय. तू येतोस तवा खरंच एक चूल असती. तेवढे चार दिस मी दोन्ही लेकांच्या मधी बसून जेवते. तू कवा येतोस, म्हणून वाट बगते मी."

मास्तर रात्रभर जागे होते. प्रबंध पाठवला तर जागा मिळणार, आईची अब्रूही राहणार. फक्त तो खोटा असणार. खरं लिहिलं तर आई गावात तोंडघशी पडणार. सोलापूरला परतल्यावर त्यांनी मुंबईला दोन ओळी कळवल्या: माझे आकडे भरवशाचे नाहीत, प्रबंध मागे घेतो. कारण लिहिलं नाही. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

शांतव्वाला त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"व्हय."

"मग बोलली का नाहीस?"

"साऱ्या तालुक्याला विचारत फिरलात. मला कधी विचारलंत?"

पुढेही ते त्याच शाळेत शिकवत राहिले. रविवारी पोरांना घेऊन पेठेतही जात राहिले. फक्त ते चुलीचं वाक्य सुटलं. आता ते म्हणत, "कोणाच्या घरी जाल, तर आपण येणार म्हणून त्यांनी काय काय आवरून ठेवलंय, याचा आधी विचार करा." पोरांना ते तितकंसं कळत नसे. लोक प्रोफेसर म्हणत ते म्हणतच राहिले. मास्तर मात्र पुन्हा लाजायला लागले होते.

नाताळची सुट्टी आली. मास्तर म्हणाले, "मंद्रूपला निरोप धाड, शनिवारी येतोय म्हणावं."

"आता कशाला निरोप?" शांतव्वा म्हणाली. "आता तर सगळं उघडंच आहे की."

"धाड," मास्तर म्हणाले. "चार दिवस आधी धाड."

शनिवारी ते पोचले तेव्हा धूर एकाच ठिकाणाहून निघत होता. शेंगांचं पोतं फळीवर होतं. मल्लव्वानं चोरट्या नजरेनं पाहिलं. मास्तर मुकाट त्यावर जाऊन बसले. खालून ऊब येत होती. समोर सोप्यात सिद्रामप्पा आणि संगप्पा यांच्या मधे आई जेवत होती, आणि एकाच्या ताटातलं उचलून दुसऱ्याला वाढत होती.

"वैनी," मास्तर म्हणाले, "मला हितंच आणून द्या भाकरी."