वेदीपाशी ठेवलेलं कोहळं

रोज सकाळी चहा उतरवायच्या आधी मी बायबलची तीन-चार पानं वाचते, आणि मोठ्याने वाचते. ऐकणाऱ्याला वाटावं, काय ही बाई भाविक. खरं सांगायचं तर ही सवय मला भक्तीने लागली नाही, रागाने लागली. राग माझ्या सख्ख्या बहिणीवरचा होता.

आम्ही दोघीच बहिणी. बाबा दुसऱ्यांच्या शेतात राबायचे. थोरलीला त्यांनी गावच्या मराठी शाळेत घातलं. माझ्या वेळेला कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं, की नोकरी पाहिजे तर पोरीला तेलुगू शिकवा, म्हणून माझी रवानगी आदिलाबादच्या वसतिगृहात झाली. अक्का पुढे मराठी शाळेत बाई झाली आणि गुडीहत्नूरला राहिली. मी तहसील कचेरीत कारकून झाले. तेलुगू अर्ज मी झोपेतही वाचीन. मराठी बोलायला तर मी अक्कापेक्षा फटकळ. पण छापील मराठी समोर आलं, की जोडाक्षरापाशी माझी गाडी हमखास अडते.

आम्ही नवरा-बायकोने आदिलाबादला लागूनच मावल्यात घर बांधलं. नव्या घरातल्या प्रार्थनेला पाळकसाहेबांनी बायबल माझ्या हातात दिलं, घराची मालकीण म्हणून. दोन ओळी गेल्या, तिसरीत अडकले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या अक्काने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं आणि उरलेला अध्याय घडाघडा वाचून टाकला. लोक म्हणाले, वा! माझ्या घरात, माझ्या पाहुण्यांसमोर. त्या दिवशी मी तिच्या ताटात वाढलं, पण तिच्याकडे बघितलं नाही. नंतर तिचा फोन आला की मी तो यांच्या हातात द्यायचे.

दुसऱ्या सकाळपासून मी वाचायला बसले. पुन्हा माझ्या हातातून पुस्तक घ्यायची कुणाची हिंमत होता कामा नये, एवढाच हेतू. थेट पहिल्या पानापासून धरलं. वंशावळी आल्या, लांबलचक नावं आली, मी एकेका अक्षरावर बोट ठेवून ती मागे टाकली. हे बाजूला बसून दाढी करायचे. पलीकडच्या घरातले बौद्ध गुरुजी सकाळची वंदना आटोपून अंगणात फिरायचे. एकदा भिंतीवरून म्हणाले, "बाई, आज गाडी लायनीवर चालून राह्यली." मला कचेरीत बढती मिळाल्यासारखं वाटलं.

गंमत अशी, की रागाबद्दल, गर्वाबद्दल काही आलं की माझा आवाज आपोआप चढायचा. वाटायचं, हे अक्काने ऐकायला पाहिजे होतं. चांगलं ते सगळं माझ्यासाठी लिहिलेलं आणि कान उपटणारं ते सगळं तिच्यासाठी. मुखी राम, बगलेत सुरी, ही म्हण आमच्यासारख्या ख्रिस्ती घरांनाही तितकीच लागू पडते.

असं करत करत वर्ष होत आलं आणि हंगामाचा सण आला. या सणाला आमच्या मंडळीतला प्रत्येक जण आपल्या शेतातलं, परसातलं पहिलं पीक चर्चमध्ये आणून वेदीपाशी ठेवतो. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो, आणि एरवी बाजारात रुपयासाठी घासाघीस करणारे लोक त्या दिवशी एका कणसासाठी चढाओढ करतात. माझ्या परसातल्या वेलाला यंदा एक कोहळं लागलं होतं, लाल भोपळा म्हणा, पण आम्ही कोहळंच म्हणतो. ते इतकं माजलं होतं, की यांनी त्याला खालून विटांचा आधार दिला होता.

त्या रविवारी सकाळच्या वाचनात डोंगरावरच्या उपदेशाचा भाग आला. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास, आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं तिथे आठवलं, तर अर्पण तिथेच राहू दे, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, अशा अर्थाचं. मी न अडकता वाचलं. मग चर्चला न्यायला काढून ठेवलेल्या कोहळ्याकडे बघितलं आणि कारकुनाच्या डोक्याने विचार केला. या दाव्यात मुद्दई मी आहे. तक्रार माझी आहे, तिची नाही. तेव्हा हे कलम मला लागू होत नाही.

मी तसं यांना बोलूनही दाखवलं. यांनी गालावरचा फेस पुसला. "तिचंबी काही असन ना तुह्यावर. विचारलं का कधी?"

मी साडी बदलायला आत गेले. चर्चमध्ये लवकर पोचलो. मी कोहळं वेदीपाशी ठेवलं आणि हात जोडले, पण प्रार्थना सुचेना. वर्षभर मी पानांमागून पानं पार केली होती आणि मन मात्र त्या नव्या घरातल्या दुपारीच उभं होतं. मला स्वतःचीच लाज वाटली. मी वळून यांना म्हणाले, "स्कूटर काढा. गुडीहत्नूरला जायचं."

निघताना यांनी पाळकसाहेबांना एवढंच सांगितलं, "ते मोठं कोहळं विकू नका. आमी येतोच."

हायवेवर गार वारा होता. अक्काच्या दारात उतरलो. अक्का ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मला बघून तिने सूप थोडं सरकवलं. "बस." जणू मी कालच येऊन गेले होते.

मी बसले आणि सरळ विचारलं, "अक्का, तुह्या मनात माह्यावर काही हाये का?"

"हाये ना. लय हाये." तिने शेंग सोलायची थांबवली नाही. "तुहे हात कापून राह्यले होते त्या दिवशी. डोळे भरले होते. लहानपणी वाचताना अडकली की तू रडायची, मले वाटलं, आता नव्या घरात रडते ही पोरगी. म्हणून घेतलं पुस्तक. अन् तू वरीसभर बोलली नाही. गुडघ्यानं मी महिनाभर अंथरुणाला होती, तू आली नाही."

गुडघ्याचं मला माहीत होतं. हे दोनदा जाऊन आले होते, मी कचेरीत काम असल्याचं सांगितलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तरी जिभेचा फटकळपणा काही गेला नाही. "पण वाचलं असतं मी. थांबायचं होतं ना जरा."

तिने हातातली शेंग सुपात टाकली. माझ्याकडे बघितलं. "हो," म्हणाली. "ते चुकलं माहं."

मग आम्ही दोघी एकाच वेळी रडायला लागलो आणि ओट्याखालून हे म्हणाले, "आटपा लवकर, तिकडं कोहळं वाट पाहून राह्यलं." कोहळं वेदीपाशी टाकून मी इथे आले, हे ऐकल्यावर अक्का इतकी हसली की सुपातल्या शेंगा सांडल्या. तिने साडी बदलली, आणि आम्ही दोघी ऑटोत, हे पुढे स्कूटरवर, असे मावल्याला परतलो. वाटेत एका वर्षाचं बोलणं उरकायचं होतं, त्यामुळे ऑटोवाल्याला कुठे वळायचं हे सांगायचंही राहिलं.

लिलाव संपत आला होता. वेदीपाशी एकटं माझं कोहळं उरलं होतं. मी पुन्हा हात जोडले, आणि या वेळी प्रार्थना आपोआप आली. बोली लागली, अक्का कुणाला ऐकेना. तिने ते घेतलं आणि दोन्ही हातांनी मांडीवर धरून पहिल्या बाकावर बसली. मला इतका आनंद झाला होता, की पाळकसाहेबांनी शेवटचं उपकारस्तुतीचं वाचन करायला बोलावलं तेव्हा मी न घाबरता उठले.

चौथ्या ओळीत अडकले.

सवयीने माझी नजर अक्काकडे गेली. तिने ओठ घट्ट मिटले होते, मान खाली होती आणि कोहळ्याभोवती दोन्ही हात आवळले होते. मी बोट ठेवलं, अक्षर फोडलं, पुन्हा जोडलं, आणि पुढे गेले. शेवटपर्यंत वाचलं.

जागेवर येऊन बसले, तशी ती हळूच म्हणाली, "झालं ना तुहं? आता धर हे. मांडी बधिर झाली माही."