न आलेली वीस माणसं

हिसाए उमेनोंनी खाणावळीच्या चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला फोन नंबर विचारला नव्हता. जागा राखताना आडनाव आणि माणसं किती, एवढंच वहीत लिहायचं. नंबर मागणं म्हणजे तुमचा भरवसा नाही असं तोंडावर सांगणं, हे त्यांच्या सासूचं मत. जपानच्या किनाऱ्यावरच्या आमच्या ओआराई गावात ते कुणाला वावगं वाटत नसे.

त्यांच्याकडे अंको माशाचा रस्सा मिळतो. मासा इतका बुळबुळीत, की पाटावर धरवत नाही; आकड्याला टांगून कापावा लागतो. आगाऊ सांगितल्याशिवाय तो कुणी आणत नाही.

त्या डिसेंबरात वर्षअखेरच्या मेजवानीसाठी फोनवरून वीस जणांची जागा राखली गेली. कुणी आलं नाही. आठवड्याने पुन्हा वीस, आडनाव वेगळं. मग तिसऱ्यांदा. मांडलेल्या वीस बैठकांसमोर हिसाए गुडघे मुडपून बसून राहिल्या. रिकामी खोली माणसाकडे बघते, तशी ती खोली त्यांच्याकडे बघत होती.

"ताई, बंद करू या," मासा कापणारा धाकटा भाऊ तात्सुजी म्हणाला. "फेकण्यासाठी मासे कापायला माझा हात धजत नाही."

"हा मोसम संपला की बंद," त्या म्हणाल्या.

मी शेजारचा टोफूवाला. दुसऱ्या दिवशी दोघांना बळेच चौकीत नेलं.

"आजी, हा गुन्हा आहे," पोलीस कुरोसाकी म्हणाला. "फसवून धंद्यात अडथळा आणणं. कायद्यात कलम आहे. पण तक्रार तुम्ही द्यायला हवी."

"गिऱ्हाइकाविरुद्ध?"

"जो आलाच नाही, तो गिऱ्हाईक कसला?"

"आडनाव सांगितलं होतं हो त्याने."

"तीन सांगितली! नंबर आहे?"

हिसाएंची मान खाली गेली. "आमच्यात विचारत नाहीत."

"फोनच्या पडद्यावर उमटतो की," तात्सुजी उसळला. "पण ताईला तो बघणं म्हणजे दाराच्या फटीतून डोकावणं वाटतं!"

कुरोसाकी हसला. हिसाए हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून नावाचा शिक्का काढला आणि तक्रारीच्या कागदावर सहीऐवजी ठसा उमटवला.

तिन्ही वेळचा नंबर एकच निघाला. फेब्रुवारीत माणूस सापडला. का केलंस, तर म्हणे गंमत.

त्याच आठवड्यात खाणावळीतला फोन वाजला. आठ जण, शनिवारी. हिसाए घुटमळल्या.

"माफ करा... आपला नंबर मिळेल का?"

"घ्या ना," पलीकडची बाई म्हणाली. "नवऱ्याचाही लिहा. मी विसरभोळी आहे."

हिसाए फोनपुढेच आभाराने वाकल्या, आणि आत वळून ओरडल्या, "तात्सुजी, आठ जण! मासा मोठा बघ!"