नाव घेऊन हाक

बावीस वर्षं फौजेत काढून घरी आलेल्या माणसाला गावात दोन गोष्टी हमखास मिळतात: शाळेच्या झेंडावंदनाला पुढची खुर्ची आणि ‘फौजी’ हे नाव. खुर्ची वर्षातून दोनदा, नाव रोज. वडनेर भोलजीच्या गजेंद्र इंगळेलाही दोन्ही मिळालं. महिनाभरात त्याचं स्वतःचं नाव गावातून असं नाहीसं झालं, की पोस्टमन सोडला तर ते कोणाच्या तोंडी राहिलं नाही.

घरी तरी नाव घ्यायला कोण होतं? आईवडील मागेच गेले. बायको पूनम चार वर्षांपूर्वी काविळीनं गेली, तेव्हा तो लेहला होता. घरी पोचला तो तेरवीच्या आदल्या दिवशी. मुलगी गार्गी बुलढाण्याला मामाकडे राहून नर्सिंग शिकत होती. दर रविवारी तो फोन करायचा. ‘जेवली का?’ ‘हो. तुम्ही?’ ‘हाव.’ मग ‘मामीला देते’ म्हणून ती मोकळी. पोरीचा दोष नव्हताच. वर्षातून महिनाभर दिसणाऱ्या बापाशी ती बोलणार तरी काय?

पेन्शन येत होती, शेत बटईनं दिलेलं होतं. पोटाला काही कमी नव्हतं. पण हा बाबा सकाळी दाढी करून, बुटांना पॉलिश करून ओट्यावर बसायचा आणि कुठं जायचं ते त्याला ठाऊक नसायचं. नोकरी हवी होती ती एवढ्यासाठीच, की एखाद्या सकाळी आपण गेलो नाही, तर ‘काऊन नाई आला?’ असं कोणीतरी विचारावं.

हायवेलगतच्या डाळ मिलला इलेक्ट्रिशियन पाहिजे होता. मिल पाहणारा मालकाचा पुतण्या शंतनु, वय अठ्ठावीस, बोलणं चटपटीत. फौजेचं सर्टिफिकेट त्यानं लग्नपत्रिकेसारखं उघडून पाहिलं.

‘जनरेटर, रेडिओ, रणगाड्याची वायरिंग... सारं हाय. डाळीचं काही केलं का?’

‘खाल्ली हाय बावीस वर्षं,’ गजेंद्र म्हणाला.

शंतनु हसला आणि तीन महिन्यांच्या बोलीवर त्याला ठेवून घेतलं. काम पटलं तर कायम.

काम पटण्यासारखंच होतं. पण फौजेत हाडीमासी खिळलेली एक सवय गजेंद्र सोबत घेऊन आला होता, आणि तीच आडवी आली. यंत्राच्या पोटात शिरायचं तर आधी त्या लाइनचे फ्यूज काढायचे. ते चिनीमातीचे पांढरे फ्यूज, ज्यांना आपल्याकडे लहानथोर किटकॅट म्हणतात, ते स्वतःच्या खिशात टाकायचे. बोर्डावर ‘काम चालू आहे’ अशी तांबडी पाटी लावायची. आणि बोर्डापाशी एक जोडीदार उभा करायचा. त्यानं करायचं काहीच नाही, फक्त थोड्या थोड्या वेळानं नाव घेऊन हाक मारायची. आतल्यानं ओ द्यायची. ओ आली नाही तर जोडीदार धावला म्हणून समजा. देऊळगाव राजाकडचा भागवत सात वर्षं त्याचा जोडीदार होता. ‘गजेंद्र?’ ‘हाव.’ उन्हात, बर्फात, दिवसातून चाळीस वेळा. तेव्हा त्याला त्या हाकेचा कंटाळा यायचा. आता तीच पुन्हा ऐकावीशी वाटायची.

पहिल्या पंधरवड्यात जोडीदार म्हणून त्यानं तीनदा हमाल मागितला. तिसऱ्यांदा शंतनुच्या कपाळाला आठ्या पडल्या.

‘फौजी, इथं दुश्मन नाई हो. एक जण काम करणार अन् दुसरा त्याचं नाव जपणार? हे मिल हाय, मंदिर नाई. एकट्यानं जमत असन तर सांगा, नाई तं दुसरा पाहू.’

गजेंद्रनं मान खाली घातली. नोकरी गेली असती तर पुन्हा तो ओटा होता आणि ते पॉलिश केलेले बूट होते. ‘जमते,’ तो म्हणाला.

तेव्हापासून तो एकटाच आत शिरू लागला. किटकॅट खिशात, पाटी बोर्डावर. पण सवय कुठं ऐकते? एलिव्हेटरच्या खड्ड्यात, जिथून डाळ वर चढते तिथं, गुडघे पोटाशी घेऊन बसला की तो स्वतःच पुटपुटायचा, ‘गजेंद्र?’ आणि स्वतःच म्हणायचा, ‘हाव.’

हे ऐकलं सुभद्राबाईनं. साठीची बाई, मिलमध्ये झाडायला आणि डाळीची चुरी भरायला होती. दुपारपर्यंत साऱ्या मिलभर झालं की फौजीच्या डोक्याची लाइन गेली. हमाल तर वाटच पाहत होते. ती तांबडी पाटी उचलून त्यांनी एकमेकांच्या मोटारसायकलींना लावली, संडासाच्या दाराला लावली. ‘फौजी, सलाम!’ ‘फौजी, गोळी चालली!’ असा दिवसभर पुकारा. गजेंद्र हसण्यावारी न्यायचा आणि घरी जाऊन न जेवता झोपायचा.

चार दिवसांनी सुभद्राबाईच खड्ड्याच्या तोंडाशी येऊन बसली. आपल्यामुळे झालं हे तिला लागलं होतं.

‘फौजीभाऊ, एकटेच काऊन बोलता?’

त्यानं सांगितलं. भागवतचंही सांगितलं. बोलता बोलता खूप वेळ गेला हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. गावात आल्यापासून इतकं तो कोणाशीच बोलला नव्हता.

‘मंग मी देतो ना हाक,’ ती म्हणाली. ‘झाडू तं इथंच मारतो मी.’

‘पण फौजी नका म्हणू, मावशी. फौजी म्हणून सारेच ओरडून राह्यले दिवसभर. कोणती हाक खरी ते समजत नाई. नाव घ्या माहं. गजेंद्र.’

सुभद्राबाईचा चेहरा उतरला. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

‘तेवढं जमत नाई, भाऊ. माह्या घरच्या मानसाचं तेच नाव होतं.’

नऊ वर्षं झाली होती त्याला जाऊन. जिवंत होता तेव्हा तो ‘पायलचे बाबा’ होता, आणि गेल्यावरही तोच राहिला. पायल सासरी सुरतला गेली, घरात चूल एक आणि माणूस एक. पण नाव घ्यायचं नाही म्हणजे नाही. गजेंद्रनं आग्रह केला नाही. बायकोचं नाव घ्यायला त्याला कोणाची मनाई नव्हती, तरी चार वर्षांत तेही त्याच्या तोंडून निघालं नव्हतं.

मग दोघांनी तोड काढली. तिनं टिनाच्या डब्यावर तीन ठोके द्यायचे, त्यानं आतून पान्यानं तीन. हे छान चाललं. शंतनुलाही काही कळलं नाही, कारण टिन वाजवणारी बाई कोणाच्या हिशेबात नसतेच. तिसऱ्या महिन्यात गजेंद्र ओट्यावर बसायचा तो फक्त बूट घालण्यापुरता.

मुदत संपायला आठ दिवस उरले होते. तुरीचा हंगाम ऐन भरात, आवारात ट्रक लागलेले, आणि भरदुपारी एलिव्हेटर थांबला. गजेंद्रनं तिन्ही किटकॅट काढले, पाटी लावली आणि खड्ड्यात उतरला. आत मोटारीच्या पट्ट्यात पोत्याची सुतळी गुंडाळली गेली होती. ती काढायला त्यानं दोन्ही हात खांद्यापर्यंत आत घातले.

ट्रकवाले ओरडू लागले तसा शंतनु तरातरा आत आला. बोर्ड पाहतो तर किटकॅट जागेवर नाहीत. पाटी त्यानं पाहिली, पण ती पाटी तर हमालांच्या चेष्टेत मिलभर हिंडत असायची. त्यानं कपाटातून दुसरे किटकॅट काढले.

‘साहेब, मानूस हाय आत!’ सुभद्राबाई आडवी आली.

‘कोण? फौजी? तो काय भाईर चहा पिऊन राह्यला.’

बाहेर फौजेचा हिरवा शर्ट दिसत होता खरा. पण तो शर्ट गजेंद्रनंच गेल्या आठवड्यात एका हमालाला दिला होता. सुभद्राबाईला हे माहीत होतं, पण सांगायला तोंड उघडेपर्यंत शंतनुनं पहिला किटकॅट बसवलासुद्धा. तिनं डबा बडवला. दुसऱ्या लाइनवर चालणाऱ्या चाळणीच्या खडखडाटात ते ठोके कोणालाच ऐकू गेले नाहीत. आतून पाना वाजला नाही. ‘फौजीभाऊ!’ ती ओरडली. ट्रकवरून दोघातिघांनी लगेच तिची नक्कल केली, ‘फौजीभाऊऽ!’ शंतनुही हसला, आणि दुसरा बसवून त्यानं तिसरा उचलला. तो बसला की मोटार फिरणार.

तेव्हा सुभद्राबाईनं डबा फेकला, डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला तसाच राहू दिला आणि छाती फुटेस्तोवर हाक मारली,

‘गजेंद्रऽऽ!’

‘हाव!’

ओ जमिनीखालून आली. चाळणी खडखडत होती, पण आपलं नाव माणसाला कशातूनही ऐकू येतं.

शंतनुचा हात हवेतच राहिला. बसवलेले दोन्ही किटकॅट त्यानं भराभर उपसून काढले आणि खड्ड्याकडे धावला. गजेंद्र वर आला, काळ्या हातांनी, खिशात स्वतःचे तीन किटकॅट घेऊन. काय होता होता राहिलं ते शंतनुच्या तोंडाकडे पाहूनच त्याला कळलं. शंतनु एवढंच म्हणाला, ‘उद्यापासून बोर्डापाशी मानूस ठेवतो, गजेंद्रभाऊ. अन् तुम्ही कायम. पण उद्या या बरं. नाई आले तं मी घरी येईन बलावाले.’

हेच ऐकायला तर तो तीन महिने झटत होता. पण त्याचं लक्ष सुभद्राबाईकडे होतं. ती भिंतीला टेकून बसली होती, तोंडाला पदर लावून. तो तिच्याजवळ उकिडवा बसला.

‘मावशी, माह्यासाठी तुमाले नाव घ्या लागलं.’

तिनं मान हलवली. डोळे कोरडेच होते.

‘नाव तं घेतलं होतं मी. लग्नात, उखान्यात, एक डाव. हाक नव्हती मारली कधी.’ तिनं तोंडावरचा पदर डोक्यावर घेतला. ‘जिंदगीत पह्यल्यांदा मारली आज, भाऊ. अन् ओ आली.’