कुणाचा रे तू?

अनिकेतच्या तळहातांवरचे लालसर डाग पाहून डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं. मी औषधविक्रेता. ते डाग खाजत नाहीत, दुखत नाहीत, हे दिसत असूनही मी त्याला माझ्याच दुकानातल्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या देत होतो. पण माझी मोठी चूक ती नव्हती.

आत बोलावलं तेव्हा एकोणीस वर्षांचा माझा मुलगा मान खाली घालून बसला होता.

"त्याची परवानगी घेऊन सांगतोय," डॉक्टर म्हणाले. "मला सिफिलिस वाटतंय. व्हीडीआरएल करू."

व्हीडीआरएल ही रक्ततपासणी. सिफिलिस म्हणजे शरीरसंबंधातून होणारा संसर्ग. वेळेत कळला तर पेनिसिलिनने पूर्ण बरा होतो. सोबत एलायझा, म्हणजे एचआयव्हीची चाचणीही केली.

व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली, एलायझा निगेटिव्ह. मी सुस्कारा सोडला, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "एचआयव्ही रक्तात लगेच दिसत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू." मग अनिकेतकडे वळून, "त्या मुलीलाही कळव. तिलाही उपचार हवेत. यात लाजायचं नाही."

त्याने कळवलं. तिनेही उपचार घेतले.

इंजेक्शन घेऊन लंगडत तो माझ्याबरोबर बाहेर आला. मी चिडूनच विचारलं, "निरोध मिळत नव्हता काय तुला?"

"कुठे मिळणार? आपल्या दुकानात?" तो म्हणाला. "देवरूखला कॉलेजजवळच्या मेडिकलमध्ये गेलो होतो. तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, 'कुणाचा रे तू?' तुमचं नाव सांगू? खोकल्याचं औषध घेऊन परतलो. तीन वेळा. खोलीवर बाटल्यांची रांग लागली आहे, खोकला कुणालाच नाही."

मला हसू आलं आणि लगेच विरलं.

आमच्याकडे ओळख याच प्रश्नाने सुरू होते. कुणाचा, कुठल्या वाडीतला, आजोळ कुठलं. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण काही वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या पोराने हळूच निरोध मागितला, तेव्हा मी भर दुकानात मोठ्याने म्हणालो होतो, "कुणाचा रे तू? घरी सांगू काय?" एक गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, वाढदिवस असेल, फुगे हवे असतील!" सगळे हसले. पोरगा रिकाम्या हाताने गेला. दहावीतला अनिकेत गल्ल्याजवळ बसून हे सगळं बघत होता.

ते तीन महिने कठीण गेले. डाग मावळले, पण घरात त्या दुसऱ्या रिपोर्टबद्दल कुणी बोलत नसे. मी खणात कुलपात ठेवलेली निरोधची पाकिटं साध्या कागदात गुंडाळून पुढे मांडली. एखादं पोरगं घुटमळलं की प्रश्न जिभेवर यायचा. मी तो गिळायचो. तुमच्या घरात वयात आलेली मुलं असतील, तर एवढंच सांगतो: त्यांना माहिती कमी नसते. त्यांना आपली भीती वाटते.

दुसरा रिपोर्ट निगेटिव्ह आला. व्हीडीआरएलचा आकडाही उतरत होता, म्हणजे औषध लागू पडलं होतं. "आता वर्षभर अधूनमधून तपासून घ्या, बास," डॉक्टर हसून म्हणाले.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर रिक्षा उभी होती. अनिकेत बसू लागला, तर मी त्याचा हात धरला.

"त्या पोराला मी हसलो, तेव्हाच तू ठरवलंस ना, की अडचण आली तर बाबांकडे जायचं नाही? तू माझा, आणि तुलाच माझ्या दुकानाची पायरी चढवेना. माझं चुकलं रे. मला माफ कर."