तुऱ्याच्या वाट्याला राष्ट्रपती

केळझरच्या पलीकडं डोंगराच्या कुशीत एक लहानसं गाव आहे. तिथला रूपराव खोडे हा तुऱ्याचा माणूस. बाप तुऱ्याचा, आजाही तुऱ्याचा. एरवी थोडं पऱ्हाटीचं, कपाशीचं रान आणि मिळेल ती मजुरी. पण हातात डफ आला आणि फेट्यात लाल गोंड्याचा तुरा खोचला की हाच माणूस शंकराचा वकील व्हायचा. समोर कलगीवाले, ते शक्तीचे वकील. शिव मोठा की शक्ती मोठी, यावर डफ वाजवत, पदं जोडत भांडायचं, एकमेकांना सवाल टाकायचे. ज्याला जवाब सुचला नाही त्यानं फेट्यातला मान उतरवून समोरच्याच्या डफावर ठेवायचा. रूपरावच्या घराण्यातला तुरा कधी उतरला नव्हता. बाप मरताना वावराबद्दल काही बोलला नाही, पोरांबद्दल बोलला नाही. "तुरा सांभाळजो," एवढंच म्हणाला आणि गेला.

सांभाळायला अवघड काही नव्हतं. शिव काही करत नाही, नुसता बसतो. पण तो बसला आहे म्हणून जग चालतं. एवढ्या एका खुंट्याला दावं बांधून रूपराव गोल गोल फिरायचा आणि समोरच्याला दमवून सोडायचा.

ऐंशी सालचा माघ संपता संपता भैय्याजीच्या किराणा दुकानातल्या रेडिओनं सांगितलं की मुंबईचं सरकार गेलं, आता महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट. गावानं ऐकलं आणि तंबाखू मळली. त्यानंतर नाल्यावर जे झालं, त्यानं मात्र रूपरावच्या डोक्याचा पार गुंता करून टाकला.

नाल्यावर रोजगार हमीचा बांध मंजूर होता. मंजूर झाला तेव्हा मुंबईत सरकार होतं. पहिली कुदळ पडली तेव्हा राष्ट्रपती राजवट लागलेली. रूपरावची बायको पंचफुला बायांच्या टोळीत पुढं असायची; तिच्यासोबत थोरली पोरगीही माती वाहू लागली. घरात दोन्ही वेळा चूल पेटली. मग पाडव्याच्या सुमाराला एक खटारा आला, मुकादमानं कुदळी, फावडी, घमेली त्यात भरली आणि तो निघाला.

"काऊन जी?" बायांनी विचारलं.

"राष्ट्रपती राजवट लागली ना," मुकादम म्हणाला.

"ते तं आंधीच लागलती!"

"आंधी लागलती, पन आता लागू झाली," असं म्हणून मुकादम खटाऱ्यावर चढून बसला.

रूपरावनं यावर फार विचार केला. काम दिलं कोणी? ज्यानं मंजूर केलं त्यानं, की ज्याच्या राजात सुरू झालं त्यानं? आणि ज्याच्या राजात सुरू झालं त्याच्याच राजात बंद पडलं, मग तो भला की बुरा? भैय्याजी म्हणे जुन्या सरकारनं तिजोरी रिकामी केली. शाळेचे मास्तर म्हणे नोकरशाहीच्या हाती सगळं गेलं. रूपराव दोघांनाही "बरोबर हाये" म्हणून घरी यायचा.

वैशाखात मारुतीच्या देवळापुढं दरसालचा कलगी-तुऱ्याचा सामना असायचा. चहापाणी, गॅसबत्ती भैय्याजीकडं. त्यांचे बापजादे कधीकाळी उत्तरेतून आलेले. दुकान पक्कं, जीभ अर्धी हिंदी. त्या साली त्यांना सुरसुरी आली.

"हर साल शिव-शक्ती, शिव-शक्ती! कान किटले बाप्पा. या साली नवा विषय घ्या. राष्ट्रपती राजवटीत लोकाईले कामधंदा भेटला, का होता तो बी गेला? वर्ध्याहून साहेब येऊन राह्यले नाला पाहाले. बांधाचं काम पुन्हा लावाचं का नाई, त्याइच्याच हातात हाये. त्याइच्या समोरच होऊन जाऊ द्या!"

"मी विरोधात," रूपराव घाईघाईनं म्हणाला. "माह्या घरचंच काम गेलं."

बाजूच्या गावचे म्हातारे नत्थूजी कलगीचे शाहीर. त्यांनी चिलमीतून तोंड काढलं. "असं कसं, रूपराव? शक्ती काय करते?"

"राबते."

"अन् शिव?"

"बसते."

"मंग सांग मले, राष्ट्रपती काय करते?"

रूपरावनं डोकं खाजवलं. "दिल्लीले... बसते."

"बसते ना? मंग तो तुहाच. तुऱ्याच्या माणसानं बसणाऱ्याची बाजू सोडली, असं आजवर झालं नाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. यात खोट काढावी असं काही नव्हतं. शेवटी रूपरावनंच विचारलं, "पन नत्थूजी, तुमच्या पोराले तं याच राजवटीत चौकीदारी भेटली. तुमी कसे विरोधात बोलान?"

"आता काय करतं!" नत्थूजींनी उसासा टाकला. "मी पडलो कलगीचा."

घरी आला तर पंचफुला जुनं लुगडं अंथरून त्यात भाताचा गंज, ताटली, पोरीचा झंपर बांधत होती. नागपुराकडच्या वीटभट्टीवर एक टोळी निघाली होती. काम लागलं नाही तर सामन्याच्या दुसऱ्या दिवशी ती आणि पोरगी जाणार, पावसाला परत येणार. मागच्या साली त्याच भट्टीवरून एक पोरगी हात भाजून परत आली होती. रूपरावला ते बोचकं पाहवत नव्हतं.

"अवो," पंचफुला म्हणाली, "तुमी म्हणान राष्ट्रपतीनं लय काम देलं. साहेब म्हणन, लोकं खुशीत हाये, इथी बांध कायले पाह्यजे? मंग?"

"मंग मी काय करू व्?"

"हारून या."

"बह्याड झाली का? बाप काय म्हणून गेला माहा, ठाऊक हाये ना?"

"बाप भट्टीवर नाई जाऊन राह्यला तुमचा. मी जाऊन राह्यली."

यावरही रूपरावला "बरोबर हाये" म्हणावंसं वाटलं.

सामन्याच्या दिवशी उन्हं कलल्यावर देवळापुढं माणूस मावेना. साहेब खुर्चीवर, हातात बशी. रूपराव मनाशी ठरवून आला होता: थोडं वाजवायचं, दोन पदं म्हणायची आणि तिसऱ्या सवालाला अडखळायचं. हरायचं.

नत्थूजींनी थाप मारली आणि पहिला सवाल टाकला. "मंत्री नाई, संत्री नाई, सुनं पडलं राज! तुह्या राष्ट्रपतीनं कोनाच्या हाताले काम देलं आज?"

रूपरावनं अडखळायला तोंड उघडलं आणि तोंडातून जवाबच निघाला:

"बाप बसला ओसरीवर, घर चाले नीट,
तुह्याच पोराले भेटली चौकीदारी, मंग कायची रे कीटकीट!"

लोक असे हसले की देवळावरचे पारवे उडाले. नत्थूजी लाजले, चिडले, दुसरा सवाल घेऊन उठले: महागाई काऊन वाढली? रूपराव म्हणाला, ती तं शक्तीची पोर, मायेकडं गेली, बापाले कायले विचारता? साखर कुठं गेली? तीही त्यानं मायेच्या पदरात बांधून दिली. हरायचं आहे हे त्याला आठवत होतं. पण कलगीवाल्यानं बोट दाखवलं की तुरेवाल्याची जीभ आपोआप चालायची. दगड आला की हात वर जातो, तसं. साहेब मांडी थोपटत होते. "वा! म्हणजे लोक समाधानी आहेत," असं ते भैय्याजीला म्हणाले, आणि ते नेमकं रूपरावच्या कानावर पडलं. डफ तरीही वाजत राहिला.

नत्थूजींचा दम संपला. तेव्हा बायांच्या घोळक्यातून पंचफुला उठली. पदर खोचलेला.

"नत्थूबावा, कलगी शक्तीची ना? मंग बाईमाणसाले सवाल टाकता येते का नाई?"

आजवर कोणी टाकला नव्हता. पण नाही म्हणायला नियमही नव्हता. नत्थूजींनी भैय्याजीकडं पाहिलं, भैय्याजीनं साहेबांकडं, साहेबांनी हसून मान हलवली.

पंचफुलानं ना सूर लावला, ना डफ मागितला.

"तुमचा शिव बसते म्हणता, हातपाय हालवत नाई. मंग नाल्यावरचे कुदय-घमेले उचलून नेले, ते कोनं उचलले?"

रूपरावचा हात डफावर थांबला. मायेनं, म्हणजे शक्तीनं नेले, असं म्हणता आलं असतं. तो जवाब ओठांपर्यंत आलाही होता. पण मग काम दिलं तेही मायेनंच, आणि शिव रिकामाच. शिवानं नेले म्हणावं, तर बसणारा उठला. तिकडून गेलं तरी खुंटा उपटत होता, इकडून गेलं तरी उपटत होता. नत्थूजींनी रीतीप्रमाणे सवाल पुन्हा विचारला. पुन्हा एकदा. आता आपण मुद्दाम गप्प आहोत की खरंच अडकलोय, हे रूपरावला स्वतःलाही कळेना. त्यानं तुरा उपसला आणि नत्थूजींच्या डफावर ठेवला. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं घामासोबत पुसलं.

साहेब म्हणाले, "छान झाला कार्यक्रम." चहा पिऊन जीपमध्ये बसून गेले. कामाबद्दल चकार शब्द नाही.

सकाळी पंचफुलानं बोचकं उचललं. टोळीचा ट्रक फाट्यावर यायचा होता. ती आणि पोरगी फाट्याशी पोचल्या, तर समोरून तोच खटारा येत होता. तीच घमेली, तोच मुकादम.

"चाला, हजेरी लावा!"

"काऊन जी?"

"काऊन म्हणजे? राष्ट्रपती राजवट हाये ना!"

पंचफुलानं पुढं काही विचारलं नाही. तिथंच बोचकं सोडलं, गंज-ताटली पोरीच्या हातात दिली, लुगड्याची चुंबळ वळून डोक्यावर ठेवली आणि नाल्याकडं वळली.

भैय्याजीच्या दुकानात त्या दिवशी फार बोलणं झालं. कोणी म्हणे साहेबानं सवाल ऐकला म्हणून. कोणी म्हणे हुकूम आधीच निघाला होता, खटाराच वाटेत मोडला होता. मास्तर म्हणे, निवडणूक तोंडावर आली, दुसरं काय! रूपरावला तिन्ही कारणं पटली.

दुपारी नत्थूजी तुरा घेऊन नाल्यावर आले. रूपरावही हजेरी लावून घमेलं भरत होता.

"घे बाप्पा. काम राष्ट्रपतीनंच देलं शेवटी. मंग तूच जितला."

"पन बंद बी त्यानंच केलतं ना. मंग तुमी जितले."

"बंद केलं, पन लावलं."

"लावलं, पन आंधी बंद केलं."

दोघं तुऱ्याकडं पाहत उभे राहिले. बांधावरून पंचफुला ओरडली, "अवो, घमेलं येते का मी खाली येऊ?"

"हात मातीचे हाये," रूपराव घाईनं म्हणाला. "सध्या तुमच्याच पाशी राहू द्या, नत्थूजी. पन सांभाळजा."

त्या पावसाळ्यात बांधात पाणी थांबलं. मुंबईत पुन्हा सरकार आलं, मुख्यमंत्री बदलले, दरवर्षी वैशाखात दुकानापुढं तोच वाद निघायचा: बांध कोणी दिला? नत्थूजी थकले, तुरा त्यांच्या पेटीत कलगीशेजारी राहिला. कोणी रूपरावला विचारलंच, तर तो आधी बांधाकडं बघायचा, मग पंचफुलाकडं, आणि म्हणायचा, "आता ते काही मले समजत नाई बावा. पन पानी हाये."